पेंडीचा दोष, गोठ्याला शिक्षा

आमच्या गोठ्यातील दुधात अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष मर्यादेबाहेर आढळल्याचे सांगून संकलन केंद्राने आमचे कॅन परत पाठविले, तेव्हा दुधाच्या नुकसानीपेक्षा "तुमच्या मुरघासाला बुरशी लागली असणार" हा पुराव्यावाचून सुनावलेला फैसला मला अधिक झोंबला, आणि आजही त्याचे शल्य बोथट झालेले नाही. मका चिकात असताना कापून, कुट्टी करून, खड्ड्यात थर चोपून हवा काढणे हे तर मुरघास करणारा प्रत्येक गोपालक करतोच. परंतु मी प्रत्येक थरावर लॅक्टोबॅसिलस प्लांटेरम व बुकनेरी या जिवाणूंचे कल्चर नेमाने फवारीत असे. त्यांतील पहिला चाऱ्यातील शर्करेचे त्वरेने लॅक्टिक आम्ल करतो आणि दुसरा संथपणे अॅसेटिक आम्ल निर्माण करून, खड्डा उघडल्यावर हवेच्या स्पर्शाने उठू पाहणाऱ्या बुरशीस आवर घालतो.

मुरघासाविषयी माझी खात्री होती, म्हणून तो आणि गाईंना घातलेली शेंगदाणा पेंड या दोहोंचे नमुने मी पदरच्या खर्चाने प्रयोगशाळेत तपासून घेतले. मुरघास निर्दोष ठरला; विष निघाले ते पेंडीत. तो अहवाल घेऊन मी केंद्राच्या दप्तरात गेलो, तेव्हा तेथील अधिकाऱ्यांनी, पेंड तपासणे आपल्या अखत्यारीत नाही, असे सांगून कागद परत केला. व्यापाऱ्याकडे गेलो, तर पावतीवर कसलीही हमी नसल्याचे त्याने शांतपणे दाखविले, आणि आमचे बोलणे चालू असतानाच त्याच थप्पीतील पोती दुसऱ्या गावच्या टेम्पोत चढत होती. पेंडीत बुरशी वाढते ती बहुधा गिरणीच्या वा गुदामाच्या ओलाव्यात. गाईच्या यकृतात त्या विषाचे, म्हणजे अफ्लाटॉक्सिन बी-१ चे, अफ्लाटॉक्सिन एम-१ होते आणि दिवसभराच्या आत ते दुधात उतरते. या साखळीत ज्याच्यापाशी ओलावा मोजण्याचे साधन नाही, विष ओळखण्याचेही नाही, नेमक्या त्याच्याच माथी सारी जबाबदारी मारण्याचा हा शिरस्ता मला अमानुष वाटतो. १९६० साली इंग्लंडात लाखाहून अधिक टर्की पक्षी शेंगदाण्याच्या विषारी पेंडीने मेले, १९७४ मध्ये राजस्थान व गुजरातेतील आदिवासी खेड्यांत बुरशीचा मका खाऊन शंभराहून अधिक माणसे दगावली. दोन्ही वेळा यातना भोगल्या त्या खाणाऱ्यानेच.

तथापि दूध नाकारले हे योग्यच झाले, असे आता मला म्हणावे लागते. किलोमागे अर्धा मायक्रोग्रॅम ही आपल्याकडील कायद्याची मर्यादा आहे, उकळल्याने हे विष नष्ट होत नाही, आणि ते दूध मी माझ्या नातवंडांना दिले नसते. माझा आक्षेप नकाराला नाही, चौकशी न करता केलेल्या आरोपाला आहे.

जिवाणूंवरील माझी श्रद्धा मात्र या प्रकरणाने डळमळली. ते बुरशीला अटकाव करतात. परंतु पेंडीत आधीच मुरलेल्या विषावर खड्ड्यातील जिवाणूंचा काय इलाज चालणार? अमेरिकेतील पिओरिया येथील प्रयोगशाळेत १९६६ साली अफ्लाटॉक्सिन नाहीसे करणारा जिवाणू सापडला होता, पण त्याच्या नारिंगी रंगामुळे अन्नात त्याचा उपयोग करणे अवघड झाले. पुढे १९९८ मध्ये, दुग्धव्यवसायातील लॅक्टिक जिवाणू हे विष आपल्या पेशीभित्तिकेला धरून ठेवतात, मृतावस्थेतसुद्धा, असे प्रसिद्ध झाले. मात्र ते बंधन पुढे काहीसे सैल होऊ शकते.

असे जिवाणू पशुखाद्यात मिसळावे, असे कोणी सुचविले की मी वाद घालतो, कारण त्यायोगे सडकी पेंड विकणाऱ्यालाच अभय मिळेल. पेंडीच्या प्रत्येक खेपेसोबत तपासणीचा दाखला मागावा, हे माझे सर्व गोपालकांना आग्रहाचे सांगणे आहे. परंतु पावसाळ्यात दाखल्याची पेंड मिळेनाशी होते, दुभत्या गाईची पेंड एकाएकी तोडता येत नाही, आणि त्या दिवसांत कोणी भरवशाची जिवाणूपूड आणून दिली, तर मी स्वतःच ती विकत घेईन.