बांधाकडचं तास

आमचं गाव फलटण तालुक्यातलं. आळंदीहून निघालेली माउलींची पालखी आमच्या भागातनं जाते, त्यामुळं वारी आम्हाला कुणी शिकवावी लागली नाही. माझे वडील, आण्णा, माळकरी. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर होते. मिलोची लाल भाकरी खाऊन दिवस काढले, पण त्यांची एकादशी चुकली नाही. मी तेव्हा बारा वर्षांचा. मला वाटायचं, देवाचा मार्ग म्हणजे हेच. माळ, उपास आणि आषाढीला पंढरपूर.

आण्णांची आणखी एक सवय होती. नांगर धरला की बांधाकडचं एक तास ते सोडून द्यायचे. मी दहावी झालो, शेतात आलो आणि पहिल्यांदा औत हातात घेतलं, तेव्हा म्हणाले, "बांधाला चिकटून जाऊ नको. एक तास सोड. बैल चुकला तरी आपल्याच रानात चुकला पाहिजे." मला हे भित्र्या माणसाचं बोलणं वाटलं. तासभर जमीन पड ठेवायची म्हणजे काय!

१९९१ साली आण्णा गेले. त्याच वर्षी मी माळ घातली आणि दिंडीत चालू लागलो. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर. दिवेघाट चढताना टाळ वाजवायचा, चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण बघताना डोळे भरून यायचे. मटण सोडलं, तंबाखू सोडली. गावात लोक पाया पडायला लागले. खोटं कशाला सांगू, ते बरं वाटायचं.

आमच्या रानाला लागून चुलत चुलतीचं रान. काकी लवकर विधवा झालेली, दोन्ही पोरी सासरी. पालखीच्या दिवसांत आमच्या दिंडीला पिठलं-भाकरी तिच्याकडनंच.

१९९८ ला बैलं विकली आणि भाड्याचा ट्रॅक्टर लावला. पहिल्याच उन्हाळी नांगरटीला ड्रायव्हरनं विचारलं, "मालक, बांधाकडनं कसं घेऊ?" मी काहीच बोललो नाही. विहिरीकडं बघत उभा राहिलो. त्याला जे समजायचं ते समजलं. त्या वर्षी वीतभर बांध कोरला गेला. पुढं कधी वीतभर, कधी चार बोटं. मी कधी "कोर" म्हणालो नाही, आणि "नको" पण म्हणालो नाही. दर आषाढीला कळसाला हात जोडताना मनात यायचं, आपण कुठं काय केलंय? ट्रॅक्टर तर दुसराच चालवतो.

२०११ चा उन्हाळा. नांगरट चालू होती. मी लिंबाखाली बसलेलो आणि माझा थोरला ड्रायव्हरला सांगत होता, "अजून एक तास आत घे. आबा काही बोलत न्हाईत." पोरानं ते चोरून म्हटलं नव्हतं. सरळ मोठ्यानं, घरची रीत सांगावी तसं म्हटलं. मी उठलो, पण तोंडातनं शब्द निघाला नाही. ट्रॅक्टर बांधाकडनं निघून गेला.

त्या वर्षी वारीला गेलो खरा, पण सगळ्या वाटेला पोराचं ते वाक्य कानात. अडीचशे किलोमीटरात एक पाऊल वाट सोडून पडलं नव्हतं. आणि घरामागं चारशे फुटांचा बांध सरळ ठेवता आला नव्हता.

परत आल्यावर तालुक्याला जाऊन मोजणीची फी भरली. थोरला म्हणाला, "लोक मोजणी आणतात जमीन घ्यायला. तुम्ही द्यायला आणताय. गाव हसंल." घरात दोन दिवस अबोला. काकीला आधी जाऊन सांगायला पाहिजे होतं, पण लाज वाटली. मग मोजणीची नोटीस तिच्या हातात पडली आणि ती कागद घेऊन आमच्या दारात आली. म्हणाली, "बापू, अजून काय राहिलंय रे? तेवढं तोंडानं सांग, मोजणी कशाला?"

तिला वाटलं, मी आणखी घ्यायला निघालोय. मी तिला खाली बसवलं आणि सगळं सांगितलं. बराच वेळ ती बोलली नाही. मग म्हणाली, "मला ठाऊक होतं. हद्दीच्या दगडापासनं बोरीपर्यंत मी दरसाल पावलं टाकायची. पण तुझ्या गळ्यात माळ. माळकऱ्याला चोर म्हटलं तर गाव मलाच नावं ठेवंल, म्हणून गप बसले."

माळ घातली होती पाप टाळायला, आणि तिच्याच आडोशानं मी ते बारा वर्षं केलं.

दिवाळीनंतर मोजणी झाली. चारशे फूट लांबी, सरासरी साडेपाच फूट मी आत गेलेलो. २२०० चौरस फूट. १०८९ चा एक गुंठा, म्हणजे दोन गुंठे भरले. खुणा रोवल्या, नवा बांध घातला. मागच्या वर्षांचं म्हणून बाजरीची दोन पोती तिच्याकडं नेली. वाटलं, नको म्हणंल. ती म्हणाली, "ठेव तिथं. माझीच हाय."

काकी आता नाही. तिचं रान तिच्या पोरी वाट्यानं लावतात. मी अजून वारीला जातो, पण निघायच्या आदल्या दिवशी त्या बांधावरनं एकदा चालून येतो. थोरला अजून म्हणतो, आबांनी दोन गुंठे घालवले. पण परवा नांगरटीला ड्रायव्हरनं विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "बांधाकडनं एक तास सोड." माझ्याकडं बघितलं नाही. मीही काही बोललो नाही.