37 नंबर कोणाचा?

आयपी अ‍ॅड्रेसला आपण सर्रास 'पत्ता' म्हणतो. पत्ता म्हटलं की घर आलं आणि घर आलं की माणूस आला. घोळ इथेच सुरू होतो. नेटवर्कचं काम करताना मला वायरींपेक्षा या समजुतीनंच जास्त छळलं आहे.

काही वर्षांपूर्वी एका कार्यालयात मला बोलावणं आलं. इंटरनेट रेंगाळत होतं. राउटरच्या यादीत सर्वाधिक डेटा 192.168.1.37 या नंबरावर दिसत होता आणि कार्यालयाच्या वहीत त्या नंबरापुढे हिशेब विभागातल्या एका तरुणाचं नाव होतं. तो करारावर काम करायचा. 'दिवसभर सिनेमे उतरवतो' हे ठरवून झालं होतं. करार वाढवायचा नाही, हेही जवळपास ठरलं होतं. मला बोलावलं होतं ते शिक्कामोर्तब करायला.

त्याचा कंप्युटर पाहिला, तर त्यावर नंबर 52. व्यवस्थापक म्हणाले, "तुम्ही येणार हे कळल्यावर बदलला असेल त्यानं." तो मुलगा एवढंच म्हणाला, "भाई, मी टॅलीशिवाय काही उघडतच नाही." संशय एकदा बसला की निर्दोषपणाचा पुरावासुद्धा चलाखीत जमा होतो.

मी त्याचा कंप्युटर बंद करायला लावला आणि दुसऱ्या मशीनवरून 37 ला पिंग केलं. उत्तर आलं! म्हणजे 37 दुसरंच कोणीतरी होतं. ते कोण आणि कुठे, हे शोधायला स्विचपर्यंत जावं लागतं.

पण साध्या स्विचला आयपी कळत नाही. त्याला कळतो मॅक अ‍ॅड्रेस, म्हणजे उपकरणाला कारखान्यातच मिळालेला 12 अंक-अक्षरांचा क्रमांक. कोणत्या पोर्टवर कोणता मॅक दिसला, एवढंच कोष्टक स्विच ठेवतो. उपकरण गप्प राहिलं तर बहुतेक स्विच साधारण 5 मिनिटांत तेही विसरतात. आयपी आणि मॅक यांची गाठ घालून देतो तो एआरपी, 1982 सालापासून चालत आलेला नियम. एक कंप्युटर सगळ्यांना हाक मारतो, "37 कोणाकडे आहे?" ज्याच्याकडे असेल तो आपला मॅक सांगतो. फायरवॉलमुळे पिंगला दाद न देणारं मशीनही या हाकेला ओ देतं. ही उत्तरं कंप्युटर एका तक्त्यात ठेवतो. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये 'एआरपी', मग जागा सोडून 'डॅश ए' टाइप केलं की तो तक्ता समोर येतो. सगळीच उपकरणं शोधायची असतील तर आधी 1 ते 254 पर्यंतच्या नंबरांना हाक द्यायची. एनमॅपसारखं साधन हे काम झटपट करतं.

तक्त्यात 37 समोरचा मॅक मिळाला. त्याची पहिली 6 अक्षरं बनवणाऱ्या कंपनीची असतात. ही कंपनी कॅमेऱ्यांची निघाली. तोच मॅक स्विचच्या कोष्टकात 14 व्या पोर्टवर होता. 14 ची वायर धरून आम्ही जिना चढलो. वर कपाटामागे सीसीटीव्हीचा रेकॉर्डर होता, रात्रंदिवस चित्रण बाहेरच्या सर्व्हरवर पाठवणारा. मुलाचा कंप्युटर दोन आठवडे दुरुस्तीला गेला होता, त्याच काळात हा रेकॉर्डर बसवला गेला. राउटर नंबर मुदतीवर देतो. मुदत संपली आणि रिकामा झालेला 37 रेकॉर्डरला गेला. वहीत नाव मात्र जुनंच राहिलं.

माग असा प्रत्येक वेळी सरळ लागत नाही. स्वस्त, अनमॅनेज्ड स्विचला काही विचारताच येत नाही. तिथे एकेक वायर काढून कोणाचं पिंग थांबतं ते पाहावं लागतं. एकाच पोर्टवर अनेक मॅक दिसले तर पलीकडे दुसरा स्विच किंवा वायफायचा डबा आहे असं समजावं. आणि अँड्रॉइड 10 व आयओएस 14 पासूनचे फोन वायफायला सहसा बनावट मॅक दाखवतात, त्यामुळे कंपनीच्या नावावरही डोळे मिटून विसंबता येत नाही.

मुलाचा करार वाढला. त्याची माफी कोणी मागितली नाही.

तुमच्याकडेही अशी वही असेल तर तिच्यात आयपीपुढे नुसतं माणसाचं नाव लिहू नका. मॅक, पोर्ट, खोली आणि तपासल्याची तारीख लिहा. प्रिंटर, रेकॉर्डर अशा जागेवरच्या उपकरणांचे नंबर राउटरमध्ये राखून ठेवा. आणि कोणावर बोट ठेवण्याआधी त्या वायरीच्या टोकापर्यंत चालत जा. आम्हाला तिथवर जायला अर्धा तासही लागला नव्हता.