तक्रार नाही

मागच्या वर्षी भात कापून झालं होतं, उडवी रचली होती, झोडणी अजून व्हायची होती, तेव्हा मुंबईहून एक मुलगी आमच्या घरी आली. पीएच.डी. करणारी. विषय मी तिला दोनदा विचारून घेतला. कंटेनर बंदर, जमिनीचा कायदा आणि माणसांवर झालेला परिणाम. मी म्हटलं, "बाय, हे तर तीन विषय झाले." ती म्हणाली, "काका, एकच आहे." तेव्हा काही मला ते पटलं नाही.

बसल्या बसल्या तिनं एक कागद पुढं केला. मी माझ्या मर्जीनं माहिती देतोय असं त्यावर छापलं होतं. मी पेन काढून सही ठोकली. ती म्हणाली, "काका, आधी वाचा तरी." मी हसलो. पुढं संध्याकाळपर्यंत ते हसू मला पुरलं नाही, पण ते नंतर.

उरण तालुक्यातल्या माणसाला कंटेनर म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. दाराबाहेर पडलं की रस्त्याला ट्रेलरची रांग. पण या पेटीचा जन्म कधीचा, हे मला तिच्याकडून कळलं. अमेरिकेतल्या नेवार्क बंदरातून २६ एप्रिल १९५६ ला एका जहाजावर ५८ पेट्या चढवून नेल्या, तिथून हे सुरू झालं. म्हणजे पेटी माझ्यापेक्षा चार वर्षांनीच मोठी. माझा मामा मुंबईच्या गोदीत हमाल होता. तो सांगायचा, एक जहाज रिकामं करायला माणसांच्या टोळ्याच्या टोळ्या लागायच्या, दिवसचे दिवस जायचे. पेटी आली, क्रेन आली, माणसं घटली. पण पेट्या उतरवून ठेवायच्या कुठं? एकावर एक रचायला, ट्रेलर फिरायला, रेल्वेचे रूळ टाकायला मोकळी सपाट जागा पाहिजे, तीही खोल पाण्याजवळ. मुंबईच्या जुन्या गोदीत ती नव्हती. खाडीच्या अल्याड न्हावा-शेव्याला होती. फक्त ती मोकळी नव्हती. तिथं आम्ही होतो.

आमची जमीन खारजमीन. बाहेर खाडी, मध्ये मातीचा बांध, आत भात. बांधाला उघाडी. भरतीला ती मिटायची, ओहोटीला आतलं पाणी बाहेर सोडायचं. पावसाळ्यात उधाणाच्या रात्री गावातले बाप्ये कंदील घेऊन बांधावर बसायचे. एका जागी बांध फुटला तर साऱ्यांचं शेत खारं होणार, म्हणून ज्याची जमीन नाही तोही माती टाकायला यायचा. भात राता, तांबूस आणि जाडा, खाऱ्या मातीला न भिणारा. दिवाळीनंतर मिठागराचं काम सुरू, ते पाऊस तोंडावर येईपर्यंत. मधल्या दिवसांत बायका ओहोटीला चिखलात उतरून निवट्या, चिंबोऱ्या, खुबे आणायच्या. आमच्या शेतालगतच्या तळ्यात जिताडा वाढायचा आणि जावई आला की तो बाहेर निघायचा. एवढ्यावर घर चालायचं. पैसा हातात कमी दिसायचा, पण विकत आणायचं ते तेल, कापड आणि चहा-साखर.

१९७० साली नवी मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनींवर संपादनाची नोटीस निघाली तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. दि. बा. पाटलांची भाषणं ऐकतच आमची पिढी वाढली. १९८४ च्या १६ आणि १७ जानेवारीला गोळीबार झाला. पाच माणसं गेली. मी चोवीस वर्षांचा, त्या गर्दीत होतो. काय पाहिलं ते मी दुसरीकडं लिहिलंय, इथं पुन्हा लिहीत नाही. भाव नीट द्या, जमिनीतला वाटा द्या, एवढीच तर तक्रार होती. त्या आंदोलनानंतर पुढं विकसित जमिनीच्या साडेबारा टक्क्यांचं तत्त्व सरकारला मान्य करावं लागलं. मे १९८९ मध्ये बंदर सुरू झालं.

तर त्या मुलीनं जुने कागद मागितले. मी माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली उतरवली. नोटिसा, सातबाराचे उतारे, निवाड्याची नक्कल, सगळं होतं. बाबानं एक कागद फेकला नव्हता. ती एकेक पालथा करत होती, मोबाईलवर फोटो काढत होती. मग एका पावतीच्या नकलेवर थांबली.

"काका, हे अक्षर कुणाचं?"

"माझं."

"यात हरकत राखून असं लिहिलेलं नाही."

मला समजलं नाही. मग तिनं सांगितलं ते आधी ऐकलं असतं तर काय, असा विचार अजून रात्री येतो. जुना कायदा १८९४ चा, इंग्रजांचा. त्यात निवाड्याचा भाव पटला नाही तर अठराव्या कलमाखाली जिल्हाधिकाऱ्याकडं अर्ज करायचा आणि तो प्रकरण कोर्टाकडं पाठवायचा. मुदत सहा आठवडे, फार तर सहा महिने. पण एकतिसाव्या कलमात एक अट होती. पैसे उचलताना हरकत राखून, वकील ज्याला 'अंडर प्रोटेस्ट' म्हणतात तसं, उचलले पाहिजेत. मुकाट्यानं उचलले तर अठराव्या कलमाचा दरवाजा बंद. दोन शब्दांचा प्रश्न.

आणि मी ते दोन शब्द नुसते विसरलो असतो तर एक वेळ ठीक. पावतीच्या शेवटी माझ्या वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं: "रक्कम मिळाली. माझी काही तक्रार नाही."

आता हे मी का लिहिलं ते सांगतो. १९८६ चा उन्हाळा. कचेरीच्या आवारात झाडाखाली आमच्या आळीची माणसं बसलेली. बहुतेक अंगठेवाले. आळीत दहावी झालेला मी एकटा. कारकून एवढंच म्हणाला होता, की पैसे पोचले म्हणून लिहून द्या. पुढचं वाक्य माझं. शाळेत पत्रलेखन शिकवलेलं, कागद कसा सभ्यपणे संपवावा. नुसतं "रक्कम मिळाली" मला उघडं उघडं वाटलं. म्हणून मी ते वाक्य जोडलं आणि मला ते फार शोभून दिसलं. बाबाचं लिहिलं. मग शेजारच्या काकीचं, तिचा नवरा दोन वर्षांमागं गेलेला. मग एकेक करत अकरा जणांची लिहिली. बाबा चारचौघांत बोलला, "पोराला शिकवलं त्याचं चीज झालं." त्या दिवशी मला सगळ्यांनी मिळून भजी खायला घातली.

दोन वर्षांपूर्वी जिथं आमची पाच माणसं तक्रार घेऊन मेली, तिथं मी बारा कागदांवर तक्रार नाही असं लिहून आलो. पैसे घेऊन. आणि अडतीस वर्षं मला ते ठाऊकही नव्हतं.

ती मुलगी बिचारी कावरीबावरी झाली. म्हणाली, असे कागद मी खूप पाहिलेत, यात तुमचा दोष नाही. मग आणखी एक गोष्ट तिच्या तोंडून निघून गेली. १९८४ सालीच कायद्यात २८-अ कलम घातलं होतं. त्याच अधिसूचनेतल्या दुसऱ्या कुणाला कोर्टानं भाव वाढवून दिला, तर ज्यानं अठराव्या कलमाचा अर्ज केला नाही त्यालाही तीन महिन्यांच्या आत तसाच भाव मागता येतो. आम्हाला आठवलं. शेजारच्या गावातल्या काहींचा भाव कोर्टात वाढला होता. त्यांनी आमच्याकडं पेढे पाठवले होते. आम्ही पेढे खाल्ले, नशीबवान आहेत म्हटलं, आणि तीन महिने गेले.

त्यानंतर तिनं छापील प्रश्न काढले. संपादनापूर्वी किती एकर होतं, किती पैसे मिळाले, घरात नोकरी कुणाला लागली, मुलं किती शिकली. मी उत्तरं दिली. पण मला आयचं सांगायचं होतं आणि तिचा रकाना सापडेना. आय तीस वर्षं मिठागरात राबली. पायांना मिठानं भेगा पडायच्या, रात्री ती खोबरेल तेल चोळायची. मिठागर गेलं तेव्हा पैसे मिळाले ते ज्याचं नाव कागदावर त्याला. आयचं नाव ना मिठागराच्या कागदावर, ना आमच्या सातबारावर. निवट्या-चिंबोऱ्यांचा चिखल तर कुणाच्याच सातबारावर नव्हता. भराव पडला, ओहोटीची वाटच बुजली. आय त्यानंतर वीस वर्षं जगली. भात नाही, मीठ नाही, चिखल नाही. सकाळी उठून अंगण झाडायची आणि मग काय करावं ते तिला सुचायचं नाही. दुपारी पुन्हा तेच अंगण झाडायची. हा परिणाम कुठं लिहायचा?

मुलीनं प्रश्नांचे कागद बाजूला ठेवले आणि वहीत लिहून घेतलं. तिनं सांगितलं, २०१३ चा नवा कायदा १ जानेवारी २०१४ पासून लागू आहे. त्यात जमीन घेण्याआधी सामाजिक परिणामांची पाहणी सांगितली आहे आणि ज्याच्या नावावर जमीन नाही पण आधीची तीन वर्षं तिथल्या मजुरीवर पोट आहे, तोही बाधित कुटुंबात धरलाय. म्हणजे माझी आय कायद्याला दिसायला एकशेवीस वर्षं लागली. तोवर ती गेली होती.

कोळ्यांचं तर त्याहून अवघड. समुद्राचा सातबारा कुठला काढणार? तरी आमच्या भागातले पारंपरिक मच्छीमार पुण्याच्या राष्ट्रीय हरित लवादाकडं गेले आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये लवादानं १,६३० कुटुंबांना मिळून ९५ कोटी १९ लाखांवर भरपाई देण्याचा आदेश दिला. घरटी ५ लाख ८४ हजार होतात. पैशांपेक्षा मला एक गोष्ट मोठी वाटली. भरतीचं पाणी येण्या-जाण्याच्या वाटेवर माणूस जगतो, ती बुजवली की त्याचं नुकसान होतं, हे कुणीतरी निकालात लिहिलं. आणि ते आमच्यासारखे शिकलेले नव्हते, पण त्यांनी तक्रार नाही असं कुठं लिहून दिलं नव्हतं.

मुलगी पुढं डहाणूला जाणार होती. वाढवणच्या बंदराचं भूमिपूजन ऑगस्ट २०२४ मध्ये झालंय, तिथं मोठा भराव समुद्रातच व्हायचा आहे. मी तिला म्हटलं, "तिथं पोरांना एवढं सांग, कागदाचं शेवटचं वाक्य स्वतःच्या मनानं घालू नका." ती म्हणाली, संशोधकानं असं सांगायचं नसतं. मी म्हटलं, मग चहा पिताना सांग. ती हसली, हो-नाही काही म्हणाली नाही.

ती गेल्यावर झोडणी झाली, भात कणगीत गेलं. मला काही गोड लागेना. बायको म्हणाली, "इतकी वर्सं कुनाला ठाव नव्हता, आता कशाला उकरता?" तिचंही खरं. पण ते अकरा जण माझ्यावर विसंबले होते. त्यातले सात आता नाहीत.

पहिल्यांदा शेजारच्या काकीकडं गेलो. वय नव्वदीला टेकलंय, कान शाबूत. पावतीची नक्कल घेऊन ओट्यावर बसलो आणि सगळं सांगितलं. कलमं तिला काय कळणार, पण दोन शब्द राहिले आणि चार जास्तीचे घातले, हे तिला नीट कळलं. बराच वेळ कागदावरचा आपला अंगठा बघत राहिली.

"तवा तू किती वर्साचा व्हतास रे?"

"सव्वीस."

"आता परत लिवता येल काय?"

"नाय, काकी."

"मंग चा पी," ती बोलली आणि सुनेला हाक मारली.

दुसऱ्या घरी चहा मिळाला नाही. तिथला म्हातारा ऐकून उठून आत गेला तो बाहेर आला नाही. अजूनही रस्त्यात दिसला तर मान वळवतो. मी काही म्हणत नाही. तिसऱ्यांकडं जाऊन आलोय. आता एक घर राहिलंय. म्हाताऱ्याला ऐकू येत नाही, मुलाशी बोलावं लागेल. तो बंदरावर ट्रेलर चालवतो, रात्रपाळी असली की दिवसा झोपलेला असतो. दोनदा गेलो तर दोन्ही वेळा झोपला होता. या रविवारी पुन्हा जाईन म्हणतो.