पस्तीस अंशांच्या पुढे

अॅपलच्या मॅकबुक एअरच्या तांत्रिक माहितीत एक छोटी ओळ असते: वापराचं तापमान 10 ते 35 अंश सेल्सिअस. जालन्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो. कागदावर पाहिलं तर आमची उन्हाळ्यातली दुपार या यंत्राच्या हद्दीबाहेरच पडते. तरी मोंढ्यातल्या अडतीपासून एमआयडीसीतल्या सळईच्या कारखान्यांपर्यंत पातळ लॅपटॉप चालतातच, आणि ते वापरणारे पुढच्या मॉडेलकडे डोळे लावून असतात. हिशेब तपासत गावभर फिरणारा मीही त्यांतलाच.

मार्चअखेरचा स्टॉक मोजायला रोलिंग मिलमध्ये जावं लागतं. वजनकाट्याच्या केबिनमध्ये कूलर असतो, पण त्याचं तोंड काटेवाल्याकडे. टेबलावर बारीक काळी धूळ. माझ्या लॅपटॉपचा पंखा ती इमानेइतबारे आत ओढतो. मग दुकानदार मागचं झाकण काढून ब्लोअर मारतो, थर्मल पेस्ट बदलतो आणि काही महिने घरघर थांबते.

अॅपलने 2020च्या एम-1 एअरमधून पंखाच काढून टाकला. धुळीचा प्रश्न मिटला, उन्हाचा राहिला. पंखा नसलेली चिप तापली की स्वतःच वेग कमी करते, आणि नेमकी तेव्हाच टॅलीतून काढलेली हजारो ओळींची एक्सेल शीट उघडायची असते. 2025च्या आयफोन 17 प्रोमध्ये व्हेपर चेंबर आलं: चपट्या बंद डबीतलं थोडं पाणी वाफ होऊन उष्णता सगळीकडे पसरवतं. फोनमध्ये मावलं ते बिनपंख्याच्या लॅपटॉपमध्ये का नको? जालन्याच्या यादीत ही मागणी पहिली.

दुसरी मागणी एका भोकाची. कंपनीचं जीएसटी विवरणपत्र भरताना डिजिटल सहीचा टोकन लावावा लागतो. आमच्याकडचे टोकन जुन्या चौकोनी यूएसबीचे, आणि पातळ लॅपटॉपना नुसतं टाईप-सी. मधे अडॅप्टर हवा. महिन्याच्या वीस तारखेला, पोर्टल आधीच रखडलेलं असताना, तो अडॅप्टर नेमका दुसऱ्या बॅगेत असतो.

अशा इच्छा कंपन्या ऐकतात का? एअरचा इतिहास पाहिला तर उशिरा का होईना, ऐकतात. 15 जानेवारी 2008 रोजी स्टीव्ह जॉब्सने कागदी पाकिटातून पहिला एअर काढला. वजन 1.36 किलो, यूएसबी एकच, रॅम 2 जीबी आणि तीही बोर्डाला डाखलेली. 2010मध्ये दुसरा यूएसबी मिळाला, पण बटणांखालचा दिवा गेला. लोकांनी ओरड केली. 2011मध्ये दिवा परतला. 2018मध्ये चुंबकाने चिकटणारी चार्जिंगची पिन गेली, ती 2022मध्ये आली. ऑक्टोबर 2024मध्ये सुरुवातीची रॅम 8वरून 16 जीबी झाली.

डाखकाम मात्र सुटलेलं नाही. रॅम वाढवायची म्हणजे लॅपटॉपच बदलायचा. यावर एलपीकॅम-2 नावाचा उपाय निघाला आहे: चपटी रॅम स्क्रूने बसवायची, हवी तेव्हा काढायची. 2024च्या लेनोवो थिंकपॅड पी-1मध्ये ती आली. तो काही सव्वा किलोचा लॅपटॉप नव्हे, पण वाट तिथूनच निघते. एकदा विकत घेतलेलं यंत्र आठ-दहा वर्षं ओढणाऱ्या आमच्यासारख्यांना प्रोसेसरच्या नव्या आकड्यापेक्षा या स्क्रूचं अप्रूप जास्त.

राहिली बॅटरी. लाईट गेली की इन्व्हर्टर राउटर सांभाळतो, लॅपटॉपचं ज्याचं त्याने बघायचं. उन्हाने बॅटरी लवकर म्हातारी होते, आणि बऱ्याच पातळ मॉडेलांत ती आत चिकटवलेली असते. बदलायची तर छत्रपती संभाजीनगरची फेरी, म्हणजे जाताना साठेक किलोमीटर आणि कामाचा दिवस बुडाला.

युरोपीय संघाच्या 2023च्या बॅटरी नियमांनुसार 18 फेब्रुवारी 2027पासून अशा उपकरणांची बॅटरी ग्राहकाला स्वतः काढता-घालता यावी लागेल. कंपन्या युरोपसाठी एक आणि भारतासाठी दुसरा असे साचे ठेवतील की नाही, हे तेव्हाच दिसेल. नवी खरेदी मी त्या तारखेपलीकडे ढकलली आहे. दुकानदार नाराज आहे. दिवाळीची ऑफर तोवर राहणार नाही म्हणतो.