दिवे घाटापलीकडची अंजिरे

पुण्याहून सासवडकडे निघालात, की दिवे घाट लागतो. आषाढी वारीत ज्ञानोबारायांची पालखी हाच घाट चढते. आपण मात्र फेब्रुवारी-मार्चमध्ये जावे. त्या वेळी पुरंदरच्या शिवारात अंजिराचा मीठा बहार असतो. येथील अंजिराला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. पिकलेले अंजीर फार टिकत नाही. म्हणून तोडणी सकाळीच उरकतात.

आईच्या निधनानंतर वडील अबोल झाले होते. नैराश्यावर उपचार सुरू होते. एका परिचितांनी सुचवले, ‘गोळ्या थांबवा, महिनाभर केवळ फळांवर ठेवा.’ थकलेल्या मनाला असा सल्ला किती सोपा वाटतो, हे शुश्रूषा करणाऱ्या आपणांस ठाऊक असेल. मी गोळ्या थांबवल्या नाहीत. वडिलांना घेऊन या बागेत आलो. त्यांनी एक अंजीर उकलले, अर्धे माझ्या हातावर ठेवले आणि म्हणाले, “तुझ्या आईला फार आवडायचं.” कित्येक दिवसांत ते आपणहून बोललेले हे पहिले वाक्य होते.

ही किमया अंजिराची म्हणावी काय? कोवळे ऊन, मोकळी हवा, सोबत आणि चालू औषध यांचाही त्यात वाटा होता. ऑस्ट्रेलियातील ‘स्माइल्स’ हा अभ्यास 2017 साली प्रसिद्ध झाला. त्यात नैराश्य असलेले 67 जण होते. बारा आठवड्यांनंतर आहार सुधारलेल्या गटातील सुमारे 32 टक्के लोकांची लक्षणे ओसरली. केवळ गप्पांची सोबत मिळालेल्या गटात हे प्रमाण 8 टक्के होते. मात्र त्या आहारात फळांबरोबर भाज्या, अख्खी धान्ये, कडधान्ये, सुकामेवा आणि मासेही होते, आणि बहुतेकांचे अन्य उपचार सुरूच होते.

केवळ फळांवर राहिल्यास प्रथिने आणि बी-12 जीवनसत्त्व मिळत नाही; बी-12च्या कमतरतेने वृद्धांचे मन अधिकच खचू शकते. तेव्हा फळ जेवणाच्या जोडीला असावे, जेवणाच्या जागी नव्हे. रसापेक्षा अख्खे फळ बरे. दात नसतील तर कुस्करून द्यावे. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास कोणते फळ किती द्यावे, हे डॉक्टरांना विचारावे. उदासी, निद्रानाश किंवा अन्नावरची वासना उडणे दोन आठवडे टिकले, तर विलंब न करता वैद्यकीय सल्ला घ्यावा. ‘टेली-मानस’ची 14416 ही विनामूल्य सेवा मराठीतही बोलते.

आणि घाट चढणे शक्य नसेल, तर बाजारातून चार अंजिरे आणावीत. ती बशीत ठेवून निघून मात्र जाऊ नये. शेजारी बसावे, एक उकलावे आणि अर्धे आपणही खावे.