तीन आठवड्यांनी

माझ्या पहिल्या कादंबरीत एक वाक्य आहे. नायिकेच्या वडिलांना डॉक्टर तपासण्या सांगतात, तिथे परिच्छेद संपतो, आणि पुढचा सुरू होतो तो असा : ‘तीन आठवड्यांनी निदान झाले.’ हे वाक्य लिहायला मला अर्धे मिनिटही लागले नसेल. मधले तीन आठवडे त्या गृहस्थांनी कसे काढले, त्यांना जेवण जात होते की नाही, रात्री किती वेळा उठून ते पाणी पीत होते, याची चौकशी मी केली नाही. एकाही वाचकाने पत्र लिहून ती माझ्याकडे केली नाही. यंदाच्या श्रावणात मात्र त्या वाक्याने माझ्यावर सूड उगवला.

मी सातपूरची. कारखाने आणि कामगारांच्या वसाहती यांच्या सरमिसळीत, त्र्यंबक रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर माझे घर आहे आणि शाळाही. शिक्षणाने मी मॅट्रिक. पुढे चित्रकला शिक्षकाची पदविका तेवढी केली आणि खडू हाती घेतला, त्याला आता बावीस वर्षे झाली. हे सांगायचे कारण एवढेच की, माझे सारे काही उजव्या हातावर आहे. दिवसा तो फळ्यावर चालतो आणि रात्री कागदावर.

आषाढापासून पहाटे उठले की अंगठा आणि शेजारची दोन बोटे बधिर झालेली असत. हात झटकला की ती जागी होत. मी दुर्लक्ष केले. मग एके दिवशी नववीच्या वर्गात वर्तुळ काढताना खडू हातातून निसटला. मुले हसली, मीही हसले. दुसऱ्यांदा निसटला तेव्हा मी हसले नाही. त्यातच दंडाचा स्नायू आपला आपण फडफडू लागला. त्वचेखाली एखादी पाकोळी अडकावी तसा. मी नुसती पाहत राही आणि तो माझ्या परवानगीवाचून नाचत राही.

कॉलनीतल्या आमच्या डॉक्टरांनी चिठ्ठी देऊन मला नाशकातल्या मज्जासंस्थेच्या तज्ज्ञांकडे पाठवले. त्यांनी रबरी हातोडीने गुडघे ठोकले, टाचणीने बोटे टोचली, स्वतःची दोन बोटे माझ्या मुठीत देऊन “आवळा” म्हणाले. शेवटी चष्मा काढून म्हणाले, “मनगटात असेल, मानेत असेल, किंवा आणखी काही असेल. तपासल्याशिवाय मी नाव घेणार नाही.” नसांची तपासणी आणि मानेचा एमआरआय एकाच दिवशी व्हावा म्हणून तेवीस दिवसांनंतरची तारीख मिळाली.

मनगट आणि मान हे दोन शब्द मी जिना उतरेपर्यंत विसरले. ‘आणखी काही’ तेवढे माझ्याबरोबर रिक्षात बसून घरी आले.

निकाल काय लागला ते सांगेन. पण आताच नाही. मी तेवीस दिवस थांबले, वाचकहो, तुम्ही दोन-तीन पाने थांबा!

पहिले आठ दिवस मी मूर्खपणात घालवले. घरातली सारी झोपली की मी मोबाईल उघडत असे. रात्री दोन वाजता विनातक्रार येणारा आणि एकदा आला की जायचे नाव न घेणारा असा हा वैद्य आहे. जेरोम के. जेरोम या इंग्रज विनोदकाराचा नायक १८८९ सालच्या एका पुस्तकात ग्रंथालयात बसून वैद्यकाचा कोश वाचतो आणि मोलकरणींच्या गुडघ्याला होणारा एक विकार सोडून उरलेले सगळे रोग आपल्याला झाले आहेत, अशी त्याची खात्री पटते. हा प्रसंग मी मुलांना रंगवून सांगत आले आहे. आता मात्र मी त्याच्यापेक्षा वाईट होते. त्याला सगळे रोग होते. मला एकच होता, आणि तो मी निवडून घेतला होता. वयाच्या एकविसाव्या वर्षी, १९६३ साली, स्टीफन हॉकिंग यांना ज्याचे निदान झाले तो. स्नायू फडफडणे आणि पकड सुटणे, एवढ्या दोन पुराव्यांवर मी स्वतःला खुर्चीत बसवून टाकले. त्याच फडफडीला नुसता थकवा, जागरण, चहासुद्धा पुरेसा असतो, असेही तिथेच लिहिले होते. पण ती ओळ माझ्यासाठी नाही, असे मी ठरवले होते.

घरी फार वेळ लपले नाही. पोळी लाटताना लाटणे पडले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “काय गं, हाताला काय होतंय?” सांगितल्यावर त्या काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी मला पाटावर बसवून त्यांनी मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. माझा यावर काडीचा विश्वास नाही. तरी मी पदर सावरून मुकाट बसले, आणि मोहऱ्या तडतडल्या तेव्हा बरे वाटले, हेही लपवत नाही. मालकांची तऱ्हा वेगळी. दुसऱ्या पाळीहून रात्री साडेअकराला येत आणि जेवता जेवता म्हणत, “काही नसतं गं. ताण आहे कामाचा.” या वाक्याइतके एकटे पाडणारे वाक्य मराठीत दुसरे नसावे. ‘काही नसतं’ म्हणणाऱ्याला आपण आणखी काय सांगणार? आपण ताट उचलतो.

श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी असते. आदल्या संध्याकाळपासून त्र्यंबक रस्ता माणसांनी भरून वाहतो. कोणी बसने, कोणी चालत, तरुण पोरे ओरडत, म्हाताऱ्या चपला हातात घेऊन. मी फाटकाशी उभी होते. या सगळ्यांना माहीत आहे की फेरी कुठे सुरू होते आणि कुठे संपते, असे मनात आले आणि मला त्यांचा चक्क राग आला.

पुढे केव्हातरी एक प्रयोग वाचनात आला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या संशोधकांनी तो २०१६ साली प्रसिद्ध केला. माणसांना संगणकाच्या पडद्यावर दगड दाखवायचे. दगडाखाली साप असेल की नसेल ते त्यांनी ओळखायचे. साप निघाला की हाताला विजेचा चटका. त्यांचा घाम मोजला, डोळ्यांच्या बाहुल्या मोजल्या. चटका नक्की बसणार हे ठाऊक असताना माणसे जितकी अस्वस्थ झाली, त्यापेक्षा कितीतरी अधिक, बसेल की नाही हे निम्मे-निम्मे असताना झाली. म्हणजे सापापेक्षा दगड वाईट. आमच्या कुठल्याही शेतकऱ्याने हे फुकट सांगितले असते. तरीही वाचून हलके वाटले. मी भित्री आहे म्हणून नव्हे, तर माणसाचे मनच असे घडले आहे म्हणून हा घाम आहे, एवढे कळले.

तोवर गणपती आले. दरवर्षी मी शाळेत मुलांकडून शाडूच्या मूर्ती करून घेते. यंदा एकेचाळीस झाल्या. माती मळणे, घडवणे, रंग देणे सगळे मुलांचे. डोळ्यांची आखणी मात्र माझी. सोंड जाड झाली तर चालते, पोट सुटले तर ते शोभतेच, पण नजर चुकली की मूर्ती घरी न्यायला पोर रडते. शून्य नंबरचा कुंचला घेऊन मी बसले. डाव्या हाताने उजवे मनगट धरून सहा मूर्ती निभावल्या. सातव्या गणपतीची पापणी थेट कानाकडे निघाली. तो माझ्याकडे असा तिरका पाहू लागला की, याला सारे ठाऊक आहे असे वाटले.

नववीतला एक मुलगा मागे उभा होता. त्याचे वडील गाड्यांच्या नंबरपाट्या रंगवतात. “बाई, मी करू?” म्हणाला. मी कुंचला दिला. त्याने करंगळी मूर्तीच्या गालाशी हलकेच टेकवली आणि रेघ ओढली. “श्वास धरून ठेवायचा नसतो बाई. सोडत सोडत ओढायची. पप्पा तसंच करतात.” दोन तासांत त्याने उरलेल्या चौतीस मूर्ती आखल्या, सातवीची पापणीही ओल्या फडक्याने पुसून नीट केली. मी रंग कालवून देत होते, कुंचला धूत होते. त्याची रेघ माझ्या रेघेपेक्षा सरस होती. बावीस वर्षांत माझ्या हातून न उतरलेली नजर तो सहज उतरवत होता, आणि मला मत्सर वाटला. खराखुरा, झोंबणारा मत्सर. मग लक्षात आले की, इतक्या दिवसांत भीतीखेरीज दुसरे काही वाटण्याची ही पहिलीच वेळ.

शेवटची मूर्ती झाल्यावर त्याने विचारले, “हाताला काय झालं, बाई?”

“अजून माहीत नाही.”

“मग कळेल,” तो म्हणाला आणि वाट्या धुवायला गेला.

हे ‘कळेल’ आणि ‘काही नसतं’ यांत किती अंतर आहे! त्या रात्री मी मोबाईल सासूबाईंच्या खोलीत ठेवला.

तपासणीच्या दिवशी एका तरुण मुलीने माझ्या हातावर तारा चिकटवून विजेचे बारीक चटके दिले. चटका कोपराशी दिला की अंगठा उडे, आणि तिथवर निरोप पोचायला किती वेळ लागला ते यंत्र लिहून घेई. निरोपाचा हा वेग हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८५० साली प्रथम बेडकाच्या नसेवर मोजला. माणसाच्या धडधाकट हातात तो सेकंदाला पन्नास मीटरच्या वर असतो. मग स्नायूत सुई. ते दुखले, पण दगड उचलला जात होता, म्हणून सोसवले.

एमआरआयच्या आधी बांगड्या, मंगळसूत्र सगळे उतरवावे लागते. मालकांनी ते शर्टाच्या खिशात ठेवले आणि खिशावर हात धरून बसून राहिले. तेव्हा मला प्रथम दिसले की, ‘काही नसतं’ म्हणणारा हा माणूस माझ्याइतकाच घाबरला आहे. आत नगाऱ्यासारखे ठोके सुरू झाले. १९७७ साली न्यूयॉर्कमध्ये डॅमेडियन नावाच्या डॉक्टरने असे यंत्र बांधले आणि आधी स्वतःच आत बसला. चित्र काही उमटेना. शेवटी त्याच्या जाडीवर ठपका ठेवून एका सडपातळ सहकाऱ्याला बसवले, आणि त्या बिचाऱ्याला जवळजवळ पाच तास बसावे लागले. माझे अर्ध्या तासात आटोपले. श्वास धरून ठेवला नाही. सोडत सोडत रेघ ओढत राहिले.

आता निकाल. मनगटातल्या अरुंद वाटेत नस दाबली गेली आहे. रात्री पट्टी बांधायची, फळ्यावरचे काम कमी करायचे, नाही जमले तर छोटी शस्त्रक्रिया. दंडाच्या फडफडीला भिण्यासारखे कारण सापडलेले नाही. तरी सहा महिन्यांनी पुन्हा दाखवायचे. म्हणजे फाल्गुनापर्यंत एक लहानसा दगड अजून शिल्लक आहे.

घरी आल्यावर मी ती कादंबरी काढली आणि त्या वाक्याशी पेन्सिलीने खूण केली. दुसऱ्याच दिवशी प्रकाशकांना फोन करून विचारले, “पुढच्या आवृत्तीत या जागी एक नवे प्रकरण घालता येईल का?”

“घालू की बाई,” ते म्हणाले, “पहिली आवृत्ती तेवढी संपू द्या.”