शहाण्याला शब्दाचा मार

शहाण्याला शब्दाचा मार पुरतो, ही म्हण आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. परंतु शब्द ऐकून उजळणारा शहाणा दिवा आमच्याच घरी येईल, हे मात्र कधी मनात आले नव्हते.

निमित्त झाले आईचे. ती यंदा ८४ वर्षांची. गेल्या पावसाळ्यात रात्री पाणी प्यायला उठली असता माजघराच्या उंबऱ्याला अडखळून पडली. हाड मोडले नाही हे नशीब. पण तेव्हापासून रात्र झाली की आमच्या पोटात गोळा येई. इंदूरच्या रामबागेतले आमचे घर जुने. दिव्याचे बटण एका टोकाला, आईची खाट दुसऱ्या टोकाला. ही हकिकत बंगळूरच्या चिरंजीवांच्या कानी जाताच आठ दिवसांत एक खोके दारात हजर झाले. आत दोन दिवे आणि नारळाएवढा एक बोलका डबा. "बाबा, आता आजीला बटण शोधायला नको. नुसतं सांगायचं, की दिवा लागेल," चिरंजीव फोनवर म्हणाले.

फ्यूजची तार बांधण्यापलीकडे आम्ही विजेच्या वाटेला कधी गेलो नव्हतो. पहिली संध्याकाळ दिव्याची मनधरणी करण्यात गेली. तो नुसता डोळे मिचकावी. पुष्कळ झटापटीनंतर उलगडा झाला, की घरातले वाय-फाय २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन लहरींवर चालते. दिव्याला पहिलीच कळते आणि आमचा फोन बसला होता दुसरीवर. दोघांना एका लहरीवर आणले, तेव्हा कोठे दिवा वश झाला. जुन्या जाड भिंती ओलांडायला २.४ चीच लहर अधिक समर्थ, हे ज्ञानही पदरी पडले.

दुसऱ्या रात्री दिवा पुन्हा ढिम्म. सौभाग्यवतींनी सवयीप्रमाणे भिंतीवरचे बटण बंद केले होते. "अहो, बटण चालू आणि दिवा बंद, हा कुठला न्याय?" प्रश्न रास्त होता, पण वीजच तोडली तर शहाणपण चालणार कशाच्या जोरावर? शेवटी बटणावर चिकटपट्टी लावली.

खरी अडचण पुढेच होती. डब्याला इंग्रजी येत होती, हिंदी येत होती. मराठी येत नव्हती. आई खाटेवरून म्हणाली, "दिवा लाव रे बाबा," आणि डबा अदबीने हिंदीत क्षमा मागू लागला. आम्ही सुचवले, "आई, 'लाइट जला दो' म्हण ना."

आई १९६२ साली लग्न होऊन या घरात आली. उंबरठ्याबाहेर हिंदी, आत मराठी, हा आमच्या आजोबांचा दंडक. भाजीवालीशी अस्सल माळवीत घासाघीस करणारी आई, दारात चपला काढाव्यात तशी ती भाषा बाहेर ठेवून आत येई. ती शांतपणे म्हणाली, "तुम्हा कोणाशी मी या घरात कधी हिंदीत बोलले नाही. आता भिंतीशी बोलू?"

आम्ही निरुत्तर झालो आणि त्याहून अधिक ओशाळलो. हिंदीशी आमचे वैर नाही. तिच्याच मुलुखात आम्ही मिळवले आणि खाल्ले. परंतु गेले दोन दिवस आमच्या माजघरात सर्वांत मोठ्याने बोलली गेलेली भाषा हिंदी होती, आणि ती बोलणारे आम्हीच होतो. तीन पिढ्यांचा दंडक मोडायला बाहेरून कोणी आले नव्हते. आम्हीच तो सोयीपायी मोडला होता, आणि ते आमच्या ध्यानातही आले नव्हते.

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या वीजसामानाच्या दुकानातून एक साधा दिवा आणला. त्याला वाय-फाय नको, फोन नको. समोरून हलणाऱ्या माणसाच्या अंगाची ऊब जाणून तो आपोआप लागतो आणि हालचाल थांबली की थोड्या वेळाने विझतो. आईच्या खाटेशेजारी, जमिनीलगत तो बसवला.

त्या रात्री आम्ही जागेच होतो. दोनच्या सुमारास आईने पाय खाली टेकले आणि उंबऱ्यापर्यंत उजेड पसरला. आई क्षणभर थांबली. तिन्हीसांजेला दिवा लागताच जोडते तसे तिने हात जोडले, आणि मग सावकाश उंबरा ओलांडून पाण्याच्या माठाकडे गेली.

बोलका डबा आता बाहेरच्या खोलीत, उंबरठ्यापाशी ठेवला आहे.